चार ताऱ्यांचा शेजार

पुत्राकडून आणि शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, असे जुने जाणते सांगून गेले. धाकट्या भावंडाकडून काय इच्छावे, याविषयी मात्र त्यांनी मौन पाळले. त्या मौनाला कारण असावे. पुत्र हा आपल्या देहाचा विस्तार असतो आणि शिष्य आपल्या विद्येचा. त्यांचा विजय माणूस थोड्या कष्टाने का होईना, आपलाच म्हणू शकतो. भावंड म्हणजे एकाच पांघरुणासाठी आपल्याशी ओढाताण केलेले दुसरे माणूस. ते पुढे गेलेले मनापासून सोसण्याला जे बळ लागते, ते सर्वांना जन्मतः मिळत नाही. आणि ज्याला मिळाले नाही त्याला दुष्ट म्हणण्याची घाईही कोणी करू नये. पुढील हकिकत अशाच एका थोरल्या बहिणीची आहे.

ती एका वेधशाळेच्या तळमजल्यावर काम करी. घरी तिला ताई म्हणत, आणि तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले भांडारातले काकाही तिला ताईच म्हणत. दुर्बिणीने टिपलेले आकाश छायाचित्रणाच्या काचांवर उतरून दिवसाउजेडी तिच्यापुढे येई. त्या काचेवर सारेच उलटे असते: आकाश निरभ्र पांढरे आणि तारे शाईच्या थेंबांसारखे काळे. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा ठिपका मोठा. काच खालून उजळलेल्या टेबलावर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचे, आणि हाती एक अरुंद पट्टी घ्यायची, जिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत वीस ठिपके ओळीने उमटवलेले असत. पट्टी ताऱ्याच्या कडेला धरायची आणि तो कोणत्या ठिपक्याशी जुळतो ते मोठ्याने म्हणायचे. "आठ आणि नऊच्या मध्ये, नऊकडे झुकता." की पुढचा तारा. अठ्ठावीस वर्षे तिने हे केले होते आणि तिच्यासारखा डोळा त्या वेधशाळेत दुसरा नव्हता. हे तिला ठाऊक होते. इतरांनाही होते, पण ते बोलून दाखवण्याची पद्धत तिथे नव्हती.

हे काम दोघांचे. एकाने पाहावे आणि बोलावे, दुसऱ्याने लिहावे. पाहणाऱ्याला मागचा आकडा सांगायचा नाही असा कडक नियम होता, कारण कालचा आकडा ठाऊक असलेला डोळा आज तोच आकडा पाहतो. म्हणून ताईने लाखांच्या घरात ठिपके पाहिले, परंतु त्यांचे पुढे काय झाले हे तिला कधी कळले नाही. ते कळे लिहिणारीला. आणि लिहिणारी होती तिची धाकटी बहीण.

धाकटी नऊ वर्षांनी लहान. शाळेच्या सुटीत घरी एकटी काय करणार, म्हणून ताईनेच तिला हाताशी घेतले आणि पेन्सिल दिली. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "ताई, हा सहा नंबरचा तारा परवा केवढा होता, आज एवढासा कसा झाला गं?" ताईने तिला दटावले, की मला आधीचं सांगू नकोस म्हणून बजावलं होतं ना! धाकटीने जीभ चावली. पण प्रश्न काही चावला गेला नाही. त्या प्रश्नाच्या मागोमाग ती पुस्तकांत गेली, पुस्तकांतून परीक्षांत, आणि दोन वर्षांपूर्वी वेधशाळेच्या वरच्या मजल्यावर, जिथे हाताची खुर्ची, दोन खिडक्या आणि दारावर हुद्द्याची पाटी असते. कानामागून आली आणि तिखट झाली, हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हणण्याआधी ताईने स्वतःच हसत हसत म्हणून टाकले. सगळे हसले. ती घरी येऊन न जेवता झोपली.

धाकटीचा विषय होता अशाच लहानमोठ्या होणाऱ्या, धडधडणाऱ्या ताऱ्यांचा. काही तारे भात्यासारखे फुगतात आणि आकसतात, आणि त्याबरोबर त्यांचे तेज वाढते, उतरते. कोणाला एका फेरीला तीन दिवस लागतात, कोणाला पन्नास. जो सावकाश धडधडतो तो मुळातच अधिक तेजस्वी, असा त्यांचा धर्म आहे. म्हणून फेरीचा काळ मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळते. आणि खरे तेज कळले की तो इथून किती मंद दिसतो यावरून तो किती दूर आहे ते कळते. लांबच्या रस्त्यावरचा दिवा किती शक्तीचा हे माहीत असले तर तो किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो, त्यातलाच हा प्रकार. शेजारच्या एका दीर्घिकेतले असे अकरा तारे धाकटीने निवडले होते. त्यांच्या दोनशे काचा ताईने मापल्या. त्या मापांवरून आपल्यापासून त्या दीर्घिकेपर्यंतचे अंतर निघणार होते.

मापनाच्या त्या दिवसांतला एक क्षण ताईच्या मनात काट्यासारखा मोडून राहिला होता. धाकटी नुकतीच वर गेली होती, तरी लिहायला स्वतः खाली येई. त्या दिवशी तिला घाई होती. ती दोनदा घड्याळाकडे बघून झाली होती. ताई भिंगातून म्हणाली, "हा दोन नंबरचा आहे ना, हा जरासा मला असा..." आणि धाकटी कागदावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, फक्त आकडा सांग ना."

ताईने आकडा सांगितला. त्या दिवसापासून तिने फक्त आकडाच सांगितला.

सांगायचे जे राहिले ते असे, की दोन नंबरच्या ताऱ्याला शेजार होता. हवा निवांत असताना घेतलेल्या तीन काचांवर तो ठिपका नीट पाहिला तर दोन ठिपके एकमेकांना टेकून बसलेले दिसत: एक धडधडणारा, दुसरा कायम तेवढाच. बाकीच्या काचांवर दोघे मिळून एकच होत, नि मग पट्टीवर एकट्याचे माप घेणे शक्यच नसे. दोघांचे मिळून जे भरे ते एकाचे म्हणून लिहिले जाई. पाच, सहा आणि नऊ या नंबरांचीही तीच गोष्ट. दीर्घिकेच्या दाट वस्तीतले तारे ते. तिथे शेजार असायचाच. एरवी ताईने प्रत्येक वेळी "जोड आहे" असे सांगितले असते. पण आकडा मागितला, आकडा दिला. मागितले त्याहून एक अक्षर जास्त द्यायचे नाही, ही तिची दोन वर्षांची मूक शिक्षा होती, आणि जिला ती दिली जात होती तिला तिचा पत्ताही नव्हता.

सोमवारी सकाळी काकांनी छापखान्यातून आलेली मुद्रिते तिच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या बहीणबाईंचा निबंध. आकडे वहीशी ताडून बघा म्हणालेत वर. शुक्रवारी सभागृहात वाचायचाय. बाहेरगावची मंडळी येणारेत, म्हणे. ताई, घरात एवढं माणूस मोठं झालं आणि तुम्ही पेढा तर सोडा, चहासुद्धा पाजला नाहीत!"

"वाचून झालं की पाजीन."

"म्हणजे नक्की कुणाचं वाचून झालं की?" काका हसत निघून गेले.

ताईने मुद्रिते उचलली आणि कोणीही उचलली असती तशी आधी शेवटच्या पानावर उघडली. तिथे आभार होते. संचालकांचे होते, दुर्बीण चालवणाऱ्यांचे नावनिशीवार होते, आणि अखेरीस एक ओळ: "काचांच्या मापनाबद्दल मापनविभागाचे आभार." मापनविभाग म्हणजे ती एकटी, एक टेबल आणि एक भिंग. ती ओळ तिने चार वेळा वाचली. एखाद्याने दारात येऊन घरालाच नमस्कार करावा आणि आतल्या माणसाकडे बघूही नये, तसे तिला झाले.

मग ती तक्त्याकडे वळली. वहीतले आकडे आणि छापलेले आकडे तंतोतंत जुळत होते. दोन, पाच, सहा, नऊ. या चार ओळींवर तिचे बोट थांबले. दोघांचा उजेड एकाच्या नावावर चढला होता. तारा आहे त्याहून उजळ ठरला, की तो आहे त्याहून जवळचा ठरणार. अकरांतले चार जवळ ओढले गेले, की सारी दीर्घिकाच जवळ येणार. हे कळायला पदवी लागत नव्हती. शुक्रवारी धाकटी पाहुण्यांसमोर उभी राहून जे अंतर सांगणार होती ते चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसाला ठाऊक होते.

ताईने मुद्रितांच्या समासात लिहिले, "आकडे वहीशी जुळतात," आणि खाली सही केली. वाक्य खरे होते. खरे वाक्य लिहूनही असत्य आचरता येते, हे त्या क्षणी तिला समजले, आणि समजूनही तिने कागद पाकिटात घातला.

संध्याकाळी घरी धाकटी आरशासमोर उभी राहून फूटपट्टीने हवेत आकृत्या दाखवत होती. आई पलंगावर बसून तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

"सकाळी समोरच्या बाई विचारत होत्या, मुली काय करतात म्हणून," आई म्हणाली. "मी सांगितलं, आमची धाकटी आकाश मोजते आणि थोरली तिला मदत करते."

"काचा पुसते असंच सांगायचं होतंस," ताई चपला काढत म्हणाली.

"अगं, तसं नव्हतं मला म्हणायचं..."

"नाही गं, बरोबरच आहे. पुसतेच की."

धाकटीने फूटपट्टी खाली ठेवली. जेवताना ती एकदम म्हणाली, "ताई, तू वाचलंस ना सगळं? मला खरं सांग. कुठे काही चुकलंय का?"

दार उघडे होते. कोणी ढकलायचीही गरज नव्हती. ताईने भाताचा घास गिळला, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मला मेलीला त्यातलं काय कळतंय? आकडे बघितले. जुळतात."

"बस, मग झालं," धाकटी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरली ती पाहून ताईला आत कुठेतरी गोड वाटले. पापाला पहिल्या घासाला चव असते, असे म्हणतात ते खोटे नाही.

मंगळवार तिने त्या चवीवर काढला. दूर एका वेधशाळेत याहून मोठी दुर्बीण होती आणि तिथली मंडळी याच दीर्घिकेच्या मागे आहेत, हे सर्वांना माहीत होते. आज ना उद्या त्यांचे अंतर छापले जाईल, ते जास्त असेल, आणि मग वरच्या मजल्यावरच्या त्या हाताच्या खुर्चीला कळेल. धाकटी तेव्हा कोणते वस्त्र नेसलेली असेल इथपर्यंत तिने मनात चित्र रंगवले. आई समोरच्या बाईंना काय सांगेल, तेही ऐकले. मत्सराला कल्पनाशक्ती फार असते. कवीला मिळाली तर तो अजरामर होईल.

बुधवारी दुपारी मात्र ती भांडारात गेली आणि तिने त्या तीन चांगल्या काचा मागितल्या. का मागितल्या, हे तिला नीट सांगता आले नसते. आपली चूक झाली असावी, शेजार नसावाच, अशी एक दुबळी आशा होती. आणि तो असावाच, अशी एक बळकट इच्छाही होती. काचा कागदी पाकिटांत घालून कपाटात उभ्या रचलेल्या असत. काकांनी त्या अलगद ओढून काढल्या.

"उभ्या का ठेवतात, माहितेय ना ताई? आडवी रचली की खालची वरच्यांच्या भाराने तडकते."

"मला शिकवताय होय, काका?"

"तुम्हाला नाही. काचेचं सांगतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी नोंदवही पुढे केली. "ह्याच तीन काचा तुमच्या बहिणीनं मागच्या महिन्यात चारदा नेल्या होत्या. काय आहे एवढं त्यांत?"

ताईने नोंदवहीत सही केली. तिने काचा टेबलावर नेल्या, दिवा लावला, भिंग डोळ्याला लावले आणि पट्टी धरली. दोन नंबरचा तारा. ते दोघे होते. कडेला कड लावून बसलेले, इतके स्पष्ट की बोट लावावे. आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, "सात. जोड आहे."

समोरची लिहिणारीची खुर्ची रिकामी होती. ते शब्द कोणी लिहिले नाहीत. आपण पाहिलेले कधी खोटे ठरले नाही, हा तिचा एकच अलंकार होता. आणि शुक्रवारी तोच डोळा साक्षीला उभा करून खोटे अंतर वाचले जाणार होते. बहिणीची फजिती होईल म्हणून तिला वाईट वाटले, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. तिला वाईट वाटले ते मापाचे. प्रेमाचा त्यात किती वाटा होता हे तिचे तिलाही वेगळे करता आले नसते, कारण तेही तिथे टेकूनच बसलेले होते.

गुरुवारी ती जिना चढून वर गेली आणि बहिणीच्या दारावर टकटक केली. दोन वर्षांत ती प्रथमच तिथे आली होती.

"अगं, तू टकटक काय करतेस!" धाकटी उठली. "ये, बस."

"उभीच बरी आहे. दोन, पाच, सहा आणि नऊ. चारी जोड आहेत. शेजारच्या ताऱ्यासकट मापलेत. तुझं अंतर कमी येतंय."

धाकटी हळूच खुर्चीत बसली. तिने तक्ता पुढे ओढून त्या चार ओळींवर बोट ठेवले.

"तुला कधी कळलं?"

"मापतानाच."

"मापताना?" तिचा आवाज चढला. "दोन वर्षं? आणि सोमवारी मी ताटावर बसून विचारलं तुला! ताई, उद्या वाचायचंय! तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू म्हणालीस, फक्त आकडा सांग."

"मी? कधी?"

ताईने तिच्याकडे पाहिले. धाकटी नाटक करत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हते. ज्या वाक्यावर ताईने दोन वर्षांचा उपास धरला होता, ते बोलणारीच्या जिभेवरून पाण्यासारखे ओघळून गेले होते.

"म्हणाली होतीस," ताई म्हणाली. तिचा स्वर आता तिचाच तिला लहान मुलीसारखा वाटला. "आणि मी तेवढ्यावरनं... मला तुझं बघवत नव्हतं. ही खोली. ती पाटी. मी तुला पेन्सिल धरायला शिकवली आणि तू मला मापनविभाग लिहिलंस."

"मी तुझं नाव लिहिलं होतं. संचालकसाहेबांनी खोडलं. म्हणाले, कर्मचाऱ्यांची नावं छापायची पद्धत नाही." धाकटी थांबली. "आणि मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. सोयीचं वाटलं, ताई. खोटं कशाला बोलू?"

बाहेर कोणीतरी जिन्यावरून बादली घेऊन गेले.

"त्या काचा तू चारदा नेल्यास," ताई म्हणाली. "का?"

धाकटीचे कान लाल झाले. "कारण हे चार तारे कमी वरखाली होतात. इतरांपेक्षा कमी. शेजारी असला तर असंच होतं, तो बदलत नाही ना. मला शंका होती. म्हटलं, आपणच बघावं, दर वेळी काय ताईच्या दारात जायचं! चारदा बघितलं. मला एकच ठिपका दिसतो गं. प्रत्येक वेळी एकच. मग म्हटलं, नसेलच काही. अकरा तारे छान दिसत होते तक्त्यात." ती किंचित हसली, पण हसू टिकले नाही. "तुला माझी खोली बघवत नाही. मला तुझे डोळे बघवत नाहीत. लहानपणापासून."

हे ऐकून ताईला जे झाले त्याला समाधान म्हणावे की लाज, हे ठरवणे कठीण आहे. ती एवढेच म्हणाली, "चल खाली."

खाली तिने बहिणीला आपल्या जागेवर बसवले आणि भिंग तिच्या हाती दिले.

"काही नाही दिसत. एकच आहे."

"ठिपक्याकडे बघू नकोस. त्याच्या कडेने फीर. घाई करू नकोस. इथे घड्याळ नाहीये."

पहिली काच गेली. दुसरी गेली. तिसऱ्या काचेवर धाकटीचे भिंग एका जागी थबकले.

"कमरेत दाबल्यासारखा आहे," ती पुटपुटली. "ताई, दोन आहेत. अगं बाई, दोन आहेत!" आणि भिंग न काढताच ती रडू लागली, त्यामुळे तारे पुन्हा दिसेनासे झाले.

संचालकांना ही वार्ता आवडली नाही. फरक किती पडेल, असे त्यांनी विचारले. धाकटी म्हणाली, सुमारे दहावा हिस्सा. "मग वाचून टाका हो! दहावा हिस्सा म्हणजे काय डोंगर आहे? पुढच्या निबंधात दुरुस्त करू. तिकडच्यांनी आधी छापलं तर बसाल हात चोळत." धाकटी नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितले. ती पुन्हा नाही म्हणाली. त्या वेळी ताई दाराबाहेर उभी होती आणि आत जावे की न जावे या विचारात तिने ती वेळ घालवली.

शुक्रवारी सभागृह भरले. धाकटी उभी राहिली आणि म्हणाली, की अकरांपैकी चार ताऱ्यांच्या मापात शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळला आहे, म्हणून निबंध मागे घेत आहे. मापन पुन्हा होईल. कुजबूज झाली. पहिल्या रांगेतले एक वृद्ध सभासद मिस्कीलपणे म्हणाले, "मापनविभागाला चष्मा हवाय की काय?" हशा पिकला.

"मापनविभागाची नजर पक्की आहे," धाकटी शांतपणे म्हणाली. "विचारणारीने नीट विचारलं नाही. चूक माझी आहे."

शेवटच्या बाकावर बसलेल्या ताईला ते शब्द चाबकासारखे लागले. हे अर्धेच सत्य होते. उरलेले अर्धे तिचे होते, आणि धाकटीने ते तिच्यासाठी पदराआड घेतले होते. उठून सांगावे असे तिला वाटले. पण ती उठली नाही. आणि घरी जाताना, बहिणीच्या शेजारून चालताना, तिच्या ध्यानात आले की आपण पुन्हा तिच्याशी स्वतःला मापून पाहत आहोत. खोलीचा हेवा होता, पाटीचा होता. आता हिच्या मोठेपणाचाही हेवा वाटू लागला. माणसाने करावे तरी काय!

जे सुचले ते तिने दुसऱ्या दिवशी केले. सकाळी सर्वांच्या आधी येऊन तिने स्वच्छ अक्षरात संचालकांना पत्र लिहिले: "त्या चार ताऱ्यांना शेजार आहे हे मला मापतानाच दिसले होते. मी ते व्यक्तिगत रागामुळे सांगितले नाही. मुद्रितांवर सही करतानाही सांगितले नाही. चूक आम्हा दोघींची आहे, आणि त्यातली मोठी माझी." ही मोठी चूक तिने जवळजवळ हट्टाने आपल्याकडे ओढून घेतली. निदान यात तरी धाकटीला पुढे जाऊ द्यायचे नव्हते. पत्राची प्रत तिने काकांकडून वर बहिणीकडेही पाठवली.

दुपारी धाकटी ते हातात घेऊन खाली आली. "मोठी तुझी काय म्हणून? कुणी ठरवलं?"

"मी थोरली आहे."

"ह्यात थोरलं-धाकटं नसतं, ताई."

"सगळ्यात असतं," ताई म्हणाली. "हस तू. बस आणि हस."

धाकटी हसली नाही. ती टेबलाच्या कडेला टेकली आणि पत्र पुन्हा वाचून म्हणाली, "अक्षर काय सुंदर आहे गं तुझं. मेली, ह्याचाही मला हेवा वाटायचा."

संचालकांनी ताईला बोलावून कडक शब्दांत समज दिली, आणि पत्र फाईलीत लावून टाकले. पुनर्मापनाला आठ महिने लागले. तेवढ्यात त्या दूरच्या वेधशाळेने आपले अंतर छापले. पहिलेपणाचा मान त्यांना गेला, तो गेलाच. धाकटीचे अंतर नंतर निघाले आणि ते त्यांच्या अंतराशी जेमतेम बोटभर फरकाने जुळले. ज्या चार ताऱ्यांचा शेजार वेगळा काढून तेज सांगितले होते, त्या भागाची त्या मोठ्या दुर्बिणीच्या लोकांनी पत्र पाठवून चौकशी केली, की हे तुम्हाला दिसले कसे. नव्या निबंधावर दोन नावे होती. त्यासाठी धाकटी संचालकांशी तीन दिवस भांडली, असे काका सांगत. ताईचे नाव दुसरे होते. ते पाहून तिला किंचित टोचले, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तिने काकांना चहा पाजला.

त्या दोघी अजून त्याच टेबलाशी बसतात, कधी बोलत, कधी भांडत. थोरलीच्या डोळ्यांना तेज राहो आणि धाकटीच्या प्रश्नांना धीर मिळो. एकीने पाहिलेले दुसरीपर्यंत वेळेवर पोचो. आणि आपल्याच माणसाच्या भाग्याने ज्याची झोप उडाली असेल, अशा प्रत्येकाला आज रात्री शांत निद्रा लाभो.